एकच हलका नियमसंच, वेगवेगळे जॉनर: आरपीजीचा सूर कसा बदलायचा

दोन फासे, चार गुण, तीन निकाल. आरपीजीसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं साकारत गोष्ट घडवायच्या खेळासाठी, एवढ्यावर चालणारा नियमसंच हाताशी असला की तो कुठल्याही गोष्टीला चालेल असं वाटतं. चालतोही, पण त्यासाठी थोडं काम करावं लागतं. बहुतेक जण आधी नावं बदलतात. तलवारीची लेझरगन होते, राजवाड्याचं अवकाशस्थानक होतं, चेटकिणीची शास्त्रज्ञ होते. मग तासाभरानं टेबलावर तीच जुनी साहसकथा नव्या कपड्यांत चाललेली असते.

जॉनर, म्हणजे कथेचा प्रकार, नावांत नसतो. फासे फसल्यावर काय होतं आणि झालेलं नुकसान किती लवकर भरून येतं, या दोन जागी तो असतो. म्हणून बदल करताना क्रम असा ठेवा: आधी किमतींची यादी, मग नुकसान आणि भरपाई, मग गुण, आणि सगळ्यात शेवटी नावं. उलट्या क्रमानं गेलात तर चार सेशन (खेळायच्या बैठका) झाली तरी नेमकं काय चुकतंय ते सापडत नाही.

पाया आणि त्याचे आकडे

इथे पाया म्हणून सहा बाजूंचे दोन फासे अधिक गुण हा ढाचा घेतला आहे. बेरीज १० किंवा जास्त आली तर पूर्ण यश. ७ ते ९ आली तर यश मिळतं, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी आली तर परिस्थिती बिघडते आणि पुढची चाल गेम मास्टरची, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याची. ‘ॲपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळानंतर ही तीन पायऱ्यांची पद्धत फार पसरली, त्यामुळे तुमच्याकडचा हलका नियमसंच याच घराण्यातला असण्याची शक्यता बरीच आहे. पात्राला चार गुण द्या आणि त्यांत +२, +१, ० आणि −१ वाटा. नुकसानीची तीन घरं ठेवा, म्हणजे नुकसान झालं की एकेक भरायचे चौकोन; सगळे भरले की पात्र पडतं. सुरुवातीला याहून जास्त काही नको.

काहीही हलवण्याआधी हे आकडे समोर ठेवा. गुण ० असेल तर पूर्ण यश १७ टक्के, किंमतीसह यश ४२ टक्के, अपयश ४२ टक्के. +१ वर हेच २८, ४४, २८ होतं. +२ वर ४२, ४२, १७. +३ वर ५८, ३३, ८. −१ वर अपयश एकदम ५८ टक्क्यांवर जातं. मधल्या निकालाकडे नीट बघा. ० ते +२ या पट्ट्यात तो चाळिसाच्या वर टिकून राहतो आणि +३ नंतर कोसळतो. +४ ला अपयश ३६ पैकी फक्त एका जोडीवर उरतं. खेळाचा सूर मधल्या निकालात असल्यामुळे एकूण बेरजेला +३ ची मर्यादा घाला, जॉनर कोणताही असो.

परिस्थिती अनुकूल असताना अनेक टेबलांवर तीन फासे टाकून मोठे दोन ठेवतात. गुण ० असताना त्यानं ३६, ४५, १९ असे टक्के येतात, म्हणजे +१ पेक्षा बरं आणि +२ पेक्षा थोडं कमी. हे चांगलं आहे. पण तोच तिसरा फासा +२ वाल्या पात्राला दिला तर पूर्ण यश ६८ टक्के होतं, मधला निकाल २७ वर येतो आणि अपयश ५ वर. गोष्ट तिथेच सपाट होते. त्यामुळे तिसरा फासा किंवा अधिकचा गुण, यातलं एकच काहीतरी द्या.

तुमचा नियमसंच मूठभर फासे टाकून सर्वात मोठा बघणारा असेल (६ म्हणजे पूर्ण यश, ४-५ किंमतीसह, १ ते ३ अपयश), तर आकडे असे: एका फाशाला १७, ३३, ५०, दोनला ३१, ४४, २५, तीनला ४२, ४५, १३, चारला ५२, ४२, ६. इथे मधला निकाल दोन ते चार फाशांपर्यंत फारसा हलत नाही. पात्रं कर्तबगार हवीत, पण प्रत्येक गोष्टीची किंमतही मोजायला लागावी, अशा कथांना ही पद्धत जास्त मानवते.

किमतींची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जॉनरसाठी दहा-बारा किमती आधी लिहून ठेवा, प्रत्येक एका ओळीत आणि क्रियापदासकट. “काहीतरी वाईट होतं” ही किंमत नव्हे. “प्रकाश जातो”, “कुणीतरी तुला ओळखतं”, “दिलेला शब्द मोडतो” या किमती आहेत.

एकच प्रसंग घेऊ. पात्र एका गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर उडी मारतं आणि बेरीज ८ येते. धाडसी साहसात ते पलीकडे पोहोचतं, पण कमरेची तलवार निसटते आणि खाली उभा असलेला शत्रू ती झेलतो. भयकथेत ते पोहोचतं, कंदील विझतो, आणि मागे कुणीतरी तीच उडी मारल्याचा आवाज येतो. विनोदी खेळात ते पोहोचतं ते नेमकं दिवसभर ज्याला टाळत होतं त्याच्या जेवणाच्या टेबलावर. दरोड्याच्या कथेत उडी स्वच्छ, पण पहारेकऱ्यांचं घड्याळ (धोका मोजायचं कागदावरचं गोल, त्याबद्दल पुढे) एक घर पुढे सरकतं. नात्यांच्या गंभीर कथेत ते पोहोचतं आणि मागे राहिलेल्या मैत्रिणीला कळतं की ते तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

फासे तेच, गुण तोच, उडी तीच. पाच वेगळे खेळ झाले ते फक्त किंमतीमुळे. यादी लिहून झाली की ती शेजारच्या जॉनरच्या यादीशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त ओळी दोन्हीकडे चालत असतील तर यादी अजून कच्ची आहे.

यादीत सर्रास होणारी चूक म्हणजे प्रत्येक किंमत शरीरावर वसूल करणं. जखम सुचायला सोपी, म्हणून गेम मास्टर तिकडेच वळतो आणि मग रहस्यकथासुद्धा मारामारीसारखी लागते. बारापैकी शारीरिक किमती तीनपेक्षा जास्त नकोत; साहसात फार तर चार. उरलेल्या वेळ, वस्तू, नातं, प्रतिष्ठा, माहिती आणि जागा यांवर पसरवा.

नुकसान किती टिकतं

तीन घरं पुरेशी की पाच हवीत, हे हिशोबानं काढता येतं. +१ वर फासे टाकले की अपयश ३६ पैकी १० वेळा आणि मधला निकाल १६ वेळा येतो. प्रत्येक अपयशाला एक घर भरत असेल आणि मधल्या निकालांपैकी निम्म्यांची किंमत नुकसानीत जात असेल, तर एका फेकीमागे सरासरी अर्धं घर भरतं. तीन घरं म्हणजे सहा फेकी, पाच घरं म्हणजे दहा. तुमच्या टेबलावर एका सेशनमध्ये एका खेळाडूच्या वाट्याला किती फेकी येतात ते दोन सेशन मोजा आणि मग ठरवा. फेकी आठ येत असतील आणि भरपाई शून्य असेल, तर तीन घरांची पात्रं सेशन संपायच्या आधी पडायला लागतील. भयकथेला ते योग्य आहे. लांब चालणाऱ्या साहसमालिकेची मात्र तेच वाट लावतं.

घरांच्या संख्येपेक्षा भरपाईचा नियम सूर जास्त ठरवतो. साहसात प्रत्येक दृश्य संपलं की सगळी घरं मोकळी करा. भयकथेत सेशनभर काहीच मोकळं होत नाही. नात्यांच्या कथेत एखाद्या पात्रानं दुसऱ्याशी काहीतरी खरं बोललं तरच एक घर मोकळं होतं. हा शेवटचा नियम लावून बघाच, कारण खेळाडू आपण होऊन संवादाकडे वळतात, त्यांना ढकलावं लागत नाही. ज्या कृतीनं नुकसान भरतं ती कृती खेळाडू शोधत येतात. म्हणून जॉनरमध्ये जे घडायला हवं, भरपाई त्याच्याच पोटात ठेवा.

गुण निवडणं

जॉनरमध्ये हमखास येणारे दहा प्रसंग लिहा, प्रत्येकातलं क्रियापद अधोरेखित करा आणि त्यांचे तीन किंवा चार गट पाडा. गटांची नावं हेच तुमचे गुण. तपासकथेत “निरखणं”, “बोलतं करणं”, “पाठलाग”, “दबाव” असं काहीतरी निघेल आणि शक्ती नावाचा गुण निघणारच नाही. नसला तरी बिघडत नाही. ज्या कामासाठी गुणच नाही ते काम खेळाडू कमी करतात. गुणांची यादी ही खेळाडूंना दिलेली सूचनाच असते.

पाचवा गुण घालायचा मोह होतो तेव्हा आधी बघा की मागच्या सेशनमध्ये कोणता गुण एकदाही वापरला गेला नाही. तो काढा, मग नवा घाला.

याहून हलकं हवं असेल तर जॉन हार्पर यांच्या ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’चा ढाचा बघा. तिथे पात्राचा एकच आकडा असतो, २ ते ५. तंत्र आणि तर्काच्या कामात फासा त्या आकड्याखाली पडायला हवा, भावना आणि आवेगाच्या कामात त्याच्या वर. एका बाजूला सरस ठरलात की दुसऱ्या बाजूला आपोआप कमी पडता. हा ढाचा दुसऱ्या जॉनरला लावताना दोन शब्द खरोखर एकमेकांना ओढणारे निवडा: कर्तव्य आणि इच्छा, मुखवटा आणि चेहरा, भूक आणि माणुसकी. शक्ती आणि चपळाई अशी जोडी फसते, कारण मारामारीत दोन्ही चालतात, खेळाडू नेहमी आपल्या सोयीची बाजू धरतो आणि आकड्यातला ताण निघून जातो.

भयकथा

भीती वाढवायला लोक यशाची शक्यता कमी करतात. हे उलट काम करतं. पात्र सतत फसत राहिलं की ते धांदरट दिसतं, आणि तिसऱ्यांदा कुलूप उघडलं नाही की टेबलावर हशा पिकतो. भयकथेत कुलूप उघडू द्या. आत काय आहे ही किंमत असू द्या. आकडे तसेच ठेवून फक्त किमती जड करा.

भीतीसाठी वेगळ्या रंगाचा एक फासा घ्या. ग्रॅहम वॉल्म्सली यांच्या ‘कथुलू डार्क’मधली युक्ती इथे सरळ उचलण्यासारखी आहे. पात्राचा भीतीचा आकडा १ पासून सुरू होतो. काही अस्वस्थ करणारं दिसलं की फासा टाकायचा, आणि तो आकड्यापेक्षा मोठा पडला तर आकडा एकानं वाढतो. सुरुवातीला वाढ झपाट्यानं होते आणि पुढे मंदावते. ४ पर्यंत पोहोचायला सरासरी पाचेक फेकी लागतात, ५ पर्यंत आठच्या आसपास, आणि शेवटच्या पायरीला (५ वरून ६, जिथे पात्र कोसळतं) एकटीला सरासरी सहा. म्हणजे एका रात्रीत संपणाऱ्या कथेसाठी प्रत्येक पात्रासमोर पाच-सहा भयप्रसंग ठेवले तर बहुतेक जण ४ च्या आसपास पोहोचतात. फार तर एखादाच पार जातो. जास्त जणांनी कोसळावं असं हवं असेल तर सुरुवात ३ पासून करा, पण तिथूनही ६ पर्यंत सरासरी अकरा फेकी लागतात, म्हणून भयप्रसंगही वाढवा. ६ झालं की पात्र काढून घेऊ नका. त्या पात्राचं शेवटचं दृश्य त्या खेळाडूलाच सांगू द्या.

राक्षसाला नुकसानीची घरं देऊ नका. घरं दिली की खेळाडू ती मोजायला लागतात, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीची भीती टिकत नाही. त्याऐवजी त्याला थोपवायची एकच अट ठेवा आणि ती शोधणं हीच गोष्ट होऊ द्या. फासे पूर्ण बाजूला ठेवायची तयारी असेल तर ‘ड्रेड’ हा खेळ लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर चालतो. प्रत्येक अवघड कृतीला ठोकळा ओढायचा, मनोरा पडला की पात्र गेलं. धोका डोळ्यांसमोर वाढताना दिसतो, म्हणून ते परिणामकारक ठरतं. मात्र मनोरा पडल्यावर पुन्हा रचायला वेळ लागतो आणि लगेच पुढच्या क्षणी तो भक्कम असतो. त्यामुळे लांब मालिकेला तो जमत नाही.

रहस्य आणि तपास

कथा पुढे जायला जो धागा लागतो, तो मिळतो की नाही यासाठी फासे टाकूच नका. एक फेक फसली की अख्खा तपास अडतो आणि गेम मास्टरला ओढूनताणून मदत करावी लागते. धागा नेहमी मिळतो, फासे फक्त त्याची किंमत ठरवतात. १० किंवा जास्त: धागा आणि वर एक प्रश्न. ७ ते ९: धागा, पण तुम्ही विचारपूस केली हे कुणालातरी कळतं. ६ किंवा कमी: धागा मिळतो आणि गुन्हेगाराचं घड्याळ दोन घरं पुढे जातं.

घड्याळ म्हणजे कागदावरचं गोल, ४, ६ किंवा ८ भागांत विभागलेलं. ‘ब्लेड्स इन द डार्क’मुळे (२०१७) ते अनेकांच्या ओळखीचं झालं. तपासासाठी सहा घरांचं एक ठेवा आणि दर दोन घरांना काय घडेल ते आधी लिहा: साक्षीदार गायब होतो, पुरावा जळतो, गुन्हेगार निसटतो. आधी लिहिलं नाही तर घड्याळ नुसतं भरत राहतं आणि कुणाला त्याचा धाक वाटत नाही.

खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्या प्रत्येकासाठी किमान तीन धागे ठेवा, तेही दोन वेगळ्या जागी. पाच निष्कर्ष असतील तर पंधरा धागे. एक धागा नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा भलताच अर्थ लागतो, तिसरा काम करतो. संशयित पाचच्या वर नेऊ नका. सहाव्याचं नाव दुसऱ्या तासाला कुणाच्या लक्षात राहत नाही.

साहस, विनोद, दरोडा

धाडसी साहसाला सगळे गुण एकानं वाढवा: +३, +२, +१, ०. पात्रं कर्तबगार वाटतात आणि मर्यादाही सुटत नाही. मधल्या निकालाची किंमत जागा आणि वस्तूंवर घ्या. पात्र दोरीला लोंबकळू दे, पूल तुटू दे.

विनोदाला नुकसानीची घरंच नकोत. सगळ्यांचं मिळून चार घरांचं एक ‘गोंधळ’ घड्याळ ठेवा. ते भरलं की आतापर्यंत टाळलेली सगळी माणसं एकाच वेळी एकाच खोलीत येतात. मग घड्याळ रिकामं करा आणि पुढे जा. विनोदात अपयश मोठं आणि उघड असावं, पण लगेच भरून निघावं. आधीच्या प्रसंगातली गोष्ट पुन्हा आणणाऱ्या खेळाडूला तिसरा फासा द्या. गेम मास्टरनं स्वतः विनोद करायला जाऊ नये. त्यानं परिस्थिती गंभीरपणे चालवावी, हसणं खेळाडूंकडून येतं.

दरोड्यात तासन्‌तास योजना आखण्यात सेशन जातं. ते टाळायला गटाला तीन टोकन द्या. एक टोकन खर्च केलं की “ही तयारी आधीच करून ठेवली होती” असं मागचं दृश्य सांगता येतं. तीनच्या वर टोकन दिलीत तर कुठलाही अडथळा उरत नाही.

हळुवार कथा

इथे फासे फार कमी लागतात. टाकण्याआधी एकच कसोटी लावा: दोन्ही निकाल ऐकायची इच्छा आहे का? नसेल तर फासे न टाकता पुढे जा. अपयशाचा अर्थ “सांगायचं होतं ते राहून गेलं” असा ठेवा आणि ते न बोललेलं वाक्य खेळाडूला कार्डावर लिहायला सांगा. भरलेली कार्डं पुढच्या दृश्यांचं इंधन होतात.

टेबलावर एकमत

नियम कितीही नेमके असले तरी एकाला काळोखी कथा आणि दुसऱ्याला धमाल हवी असेल तर ते तुटतात. सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं तीन गोष्टी बोलून घ्या: पात्र मरू शकतं का, हिंसा किती जवळून दाखवायची, टेबलावर हसणं चालेल का. कोणत्या गोष्टी कथेत मुळीच नकोत आणि कोणत्या घडल्या तरी पडद्याआड ठेवायच्या, याच्या दोन याद्या करा. खेळताना कुणालाही न समजावता दृश्य थांबवता यावं म्हणून टेबलाच्या मधोमध ‘एक्स’ लिहिलेलं कार्ड ठेवा. भयकथेत तर हे आधीच करा. सुरक्षितता पक्की असली की लोक जास्त खोलवर घाबरायला तयार होतात.

चाचणी

पूर्ण सेशन घेण्याआधी दोन खेळाडूंबरोबर अर्ध्या तासाचं एकच दृश्य खेळा, त्यात किमान सहा फेकी होतील असं. कागदावर तीन खुणा करत जा: किती वेळा मधला निकाल आला, किती किमती एकसारख्या वाटल्या, आणि किंमत सुचायला तुम्ही किती वेळा अडखळलात. अडखळणं जास्त असेल तर यादी अपुरी आहे. किमती सारख्या वाटल्या तर यादी एकाच प्रकारच्या नुकसानीकडे झुकली आहे. मधला निकाल फार कमी येत असेल तर गुण जास्त आहेत किंवा तिसरा फासा सढळपणे दिला जातोय. सहा फेकींत आकडे हलतातच, म्हणून गुणांना हात लावण्याआधी अशी दोन-तीन दृश्यं खेळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

चालू मालिकेत सूर बदलताना

साहसमालिकेत मध्येच एक भयसेशन घ्यायचं असेल तर गुणांना हात लावू नका. पात्रं ओळखीचीच राहायला हवीत. बदलायच्या फक्त दोन गोष्टी: किमतींची यादी, आणि भरपाई त्या सेशनपुरती बंद. हे सुरुवातीलाच उघड सांगा. लपवलं तर खेळाडू नेहमीच्या बेफिकिरीनं उड्या मारतात आणि झालेलं नुकसान त्यांना फसवणूक वाटतं. सेशन संपल्यावर पुढच्या दृश्याच्या सुरुवातीला सगळी घरं मोकळी करा, पण भीतीचा आकडा पुसू नका. तो पात्राच्या शीटच्या (माहितीच्या कागदाच्या) कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचं भयसेशन महिन्यांनी आलं तरी प्रत्येक पात्र त्याच आकड्यावरून सुरू करील. कुणाचा ५ झालेला असेल तर मात्र तेवढा ४ वर आणा, म्हणजे त्या खेळाडूलाही संध्याकाळभर खेळायला जागा मिळते.